बोनहॅमचा सॅम रेबर्न आणि आपल्या वस्तीवरची लाईट

ताई (डॅलस): अण्णाकाका, हा मेसेज खास तुमच्यासाठी. मोठा आहे, चहा घेऊन बसा. परवा आम्ही इथे टेक्सासमधल्याच बोनहॅम गावी जाऊन आलो. आमच्याकडून गाडीने तास-सव्वा तास. पूर्वीचा सगळा कापसाचा मुलूख. तिथे सॅम रेबर्न यांचं घर आहे, आता संग्रहालय केलंय. हा माणूस 1913 पासून 1961 मध्ये वारेपर्यंत, सलग 48 वर्षं, याच भागातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिकडच्या लोकसभेत, निवडून जात होता. त्यातली 17 वर्षं सभापती. त्या खुर्चीवर इतकी वर्षं दुसरं कुणीच बसलेलं नाही.

दादा: 48 वर्षं! मग सात पिढ्यांची सोय झाली असेल.

ताई (डॅलस): नाही रे. मूलबाळच नव्हतं. 1927 ला लग्न केलं, ते तीन महिनेही टिकलं नाही. घर 1916 ला आईवडिलांसाठी बांधलेलं. गेले तेव्हा शिल्लक साधारण 15 हजार डॉलर. तरुणपणी वकिली करायचे, तेव्हा भागीदाराकडे रेल्वे कंपनीची फी यायची. आपण आमदार आहोत म्हणून यांनी त्यातला आपला वाटा घेतला नाही. गॅरेजमध्ये जुनी कॅडिलॅक आहे, तीसुद्धा पक्षातल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेली.

अण्णाकाका: वडील काय करायचे त्यांचे?

ताई (डॅलस): शेतीच. 1887 मध्ये टेनेसीहून इकडे आले. 40 एकर कापूस आणि 11 पोरं, सॅम त्यात आठवे. लहानपणी कापूस वेचूनच वाढले. एकदा बोनहॅमला एका मोठ्या पुढाऱ्याचं भाषण होतं. हे बारा-तेरा वर्षांचे. मांडवात जायचा धीर झाला नाही, म्हणून बाहेर पावसात उभे राहून कनातीच्या फटीतून ऐकलं. तेव्हाच ठरवलं म्हणे, आपल्याला हेच करायचं. 1900 मध्ये कॉलेजला निघाले, तेव्हा स्टेशनवर वडिलांनी हातात 25 डॉलर ठेवले. सगळी साठवण ती. वर एवढंच म्हणाले, "सॅम, मर्दासारखा राहा."

काकू: आमच्या सासऱ्यांनी माझी गळ्यातली माळ मोडून ह्यांच्या धाकट्या भावाला पुण्याला पाठवलं होतं. ते आठवलं बघ.

अण्णाकाका: लाईटचं सांग. तू फोनवर म्हणालीस, लाईटचा कायदा त्यांनी केला म्हणून.

ताई (डॅलस): तेच सांगायला बसलेय. 1935 च्या सुमाराला अमेरिकेत दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. शहरं लखलखीत आणि दोन कोसांवर अंधार. खासगी कंपन्या म्हणायच्या, मैलभर तार ओढायची आणि वाटेत घरं दोन-तीन, परवडत नाही. बायका विहिरीचं पाणी ओढायच्या, ते चुलीवर उकळून धुणं धुवायच्या, लोखंडी इस्त्र्या चुलीवरच तापवायच्या. सॅमनी हे सगळं आपल्या आईला करताना पाहिलेलं.

मग 1936 मध्ये नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि हे, दोघांनी मिळून ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा आणला. एक रिपब्लिकन पक्षातला, एक डेमोक्रॅट, पण दोघंही खेड्यातले. सरकारने स्वस्त कर्ज द्यायचं, शेतकऱ्यांनी सभासद होऊन आपली वीज संस्था काढायची, खांब आपणच उभे करायचे. 1944 पासून तर व्याज 2 टक्के आणि फेड 35 वर्षांची.

कंपन्या गप्प बसल्या नाहीत. आदल्याच वर्षी यांनी मोठ्या वीज कंपन्यांना लगाम घालणारा कायदा आणला होता. तेव्हा विरोधात टेलिग्रामांचा पाऊस पडला, आणि चौकशीत निघालं की कित्येक टेलिग्रामांवरची नावं त्या माणसांना न विचारता परस्पर टाकलेली. तरी हे हटले नाहीत.

अण्णाकाका: अगदी आपल्यासारखंच. मी वायरमन म्हणून लागलो तेव्हा मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्थेचे खांब अजून वस्त्यांवर जायचे होते. पावसाळ्यात काळ्या रानात खड्डा खणला की तासाभरात पाण्याने भरायचा. डबड्याने पाणी उपसायचं, खाली दगड टाकायचे आणि दोन्हीकडून दोर लावून आठ जणांनी खांब उभा करायचा. शेतकरी भाकरी घेऊन बांधावर उभाच. खांब सरळ झाला की त्याला हात लावून बघायचा.

धाकटा (पुणे): अण्णा, हे नुसतं "सारखं" नाहीये. मी मागे वाचलं होतं. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या याच वीज संस्थांच्या संघाचे सल्लागार भारतात आले होते. त्यांच्या नमुन्यावर इथे सुरुवातीला पाच ठिकाणी सहकारी वीज संस्था काढल्या. महाराष्ट्रातली श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. कर्ज द्यायला 1969 मध्ये दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं.

अण्णाकाका: आमच्या साहेबांच्या तोंडी अमेरिकेचं नाव असायचं. मला वाटायचं मशिनरी तिकडची असेल.

धाकटा (पुणे): पण ताई, एक विचारू? 48 वर्षं निवडून आले, ते कुणाच्या मतांवर? टेक्सासमध्ये 1944 पर्यंत डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारनिवडीत काळ्या लोकांना मतच नव्हतं. आणि पक्षाचा उमेदवार ठरला की निवडणूक संपली, अशी तिथली स्थिती. वर मत द्यायचं तर आधी पोल टॅक्स, म्हणजे डोईपट्टी, भरायची.

ताई (डॅलस): खरं आहे, आणि ते लपवू नये. बरीच वर्षं नागरी हक्कांच्या विधेयकांना त्यांनी दक्षिणेतल्या बाकीच्यांसारखाच विरोध केला. लिंचिंगविरोधी, म्हणजे जमावाने माणसाला ठार मारण्याविरुद्धच्या, कायद्यालासुद्धा. मला ते वाचून वाईट वाटलं. पण 1956 मध्ये दक्षिणेतल्या बहुतेक खासदारांनी काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्याविरुद्ध जाहीरनामा काढला, त्यावर यांनी सही केली नाही. 1957 चा नागरी हक्क कायदा यांच्याच सभापतिपदात झाला. उशीर झाला. पण आले.

दादा: 1961 ला मोठी अंत्ययात्रा निघाली असेल ना?

ताई (डॅलस): बोनहॅमच्या चर्चमध्ये केनेडी, आयझेनहॉवर, ट्रुमन आणि जॉन्सन, तेव्हाचे, आधीचे आणि पुढचे मिळून चार राष्ट्राध्यक्ष. कॅन्सर झाल्यावर मुद्दाम गावी आले होते, शेवट तिथेच झाला. त्यांच्या ग्रंथालयात वॉशिंग्टनच्या सभापती दालनाची हुबेहूब खोली आहे, वर कॅपिटॉलमधलं जुनं झुंबर. पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. मला मात्र बाहेर रस्त्याकडेचे खांब बघावेसे वाटले.

आणि अण्णाकाका, घरी येऊन मी आमचं लाईट बिल काढून नीट वाचलं. आमची वसाहत डॅलसच्या बाहेर, पूर्वी शेतं होती. बिल सहकारी वीज संस्थेचं आहे! सहा वर्षं भरतेय. मी सभासद आहे आणि मला पत्ताच नाही.

अण्णाकाका: वार्षिक सभेची नोटीस येते का?

ताई (डॅलस): येते बहुतेक. उघडून पाहिलेली नाही कधी.

अण्णाकाका: उघड. संचालक निवडायचे असतात त्यात. आणि सभेला जा, नुसती सही करून येऊ नकोस, अहवाल मागून घे. खांबांचे फोटो पाठव, जवळून. लाकडी आहेत का बघायचेत मला.