मेडलाइन: पबमेड पुरेसं की ओव्हिड/एब्स्कोची वर्गणी घ्यावी?

संदर्भकक्ष:
वैद्यकीय आणि नर्सिंग, दोन्ही विभागांना सेवा देणाऱ्या ग्रंथालयासाठी विचारते आहे. मेडलाइन, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या नोंदींचा डेटाबेस, पबमेड या संकेतस्थळावर फुकट आहे. ओव्हिड आणि एब्स्कोहोस्ट (एब्स्को) या व्यावसायिक शोधमंचांवर त्याचेच पैसे मोजावे लागतात. एकच शोधसूत्र तिन्हीकडे चालवलं की आकडे तीन येतात. हा फरक डेटाचा की सर्च इंजिनचा? वर्गणी नेमकी कशाची द्यायची? बहुतेक वाचकांना चार-पाच लेख हवे असतात, मोजके जण सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचं सगळं संशोधन पद्धतशीर शोधून घेतलेला आढावा) करतात.

सूचीकार:
दोन्हीचा. पबमेड म्हणजे निव्वळ मेडलाइन नव्हे. पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या संग्रहातले लेखकांचे मसुदे, बुकशेल्फची पुस्तकं आणि अजून मेश (ठरावीक विषयसंज्ञांची यादी) न लागलेल्या नोंदीही त्यात येतात. तुलना करायची तर पबमेडच्या सूत्राला 'मेडलाइन' हा सबसेट फिल्टर जोडा. ओव्हिडमध्ये कोणती फाइल उघडली आहे तेही बघा. 'मेडलाइन ऑल'मध्ये इन-प्रोसेस (मेश लागायची बाकी असलेल्या) आणि छापण्यापूर्वीच्या नोंदी धरलेल्या असतात.

मग येतं विषयसंज्ञांचं. पबमेड मेश संज्ञा आपणहून 'एक्स्प्लोड' करतं, म्हणजे खालच्या सगळ्या उपसंज्ञा घेतं. नको असेल तर 'नोएक्स्प' सांगावं लागतं. ओव्हिडमध्ये उलट, संज्ञेआधी 'एक्स्प' लिहिलं तरच. एब्स्कोत संज्ञेपुढे अधिकचं चिन्ह. ते विसरलं की हजारो नोंदी गळतात आणि दोष डेटाबेसच्या माथी जातो.

तारांकित:
सिस्टिमॅटिक रिव्ह्यूवाल्यांचा खरा घोळ शब्दांमधल्या अंतरात होतो. ओव्हिडच्या 'एडीजे३' या अंतराच्या आज्ञेत दोन शब्दांच्या मध्ये जास्तीत जास्त दोन शब्द चालतात. एब्स्कोच्या 'एन३'मध्ये तीन. पबमेडमध्ये टिल्ड (~) चिन्हापुढचा आकडाही मधले शब्दच मोजतो. म्हणून ओव्हिडचा ३ दुसरीकडे नेताना २ करायचा. पबमेडला ही सोय २०२२च्या शेवटी मिळाली आणि ती अजून लंगडीच आहे: फक्त शीर्षक, शीर्षक-सारांश आणि लेखकाची संस्था या फील्डांत चालते, आणि तिच्यात ट्रंकेशनचा (शब्दाचा शेवट मोकळा सोडणारा) तारा चालत नाही. शब्दांची पाच-सहा रूपं असलेलं सूत्र तिथे हातानं फोडत बसावं लागतं. ओव्हिडमध्ये तेच एका ओळीत मावतं. पैसे द्यायचे तर यासाठी द्या.

वाइल्डकार्ड (अक्षराच्या जागी टाकायचं चिन्ह) त्याहून फसवं. 'ट्यूमर'च्या ब्रिटिश स्पेलिंगमधला जादा 'यू' असला-नसला तरी चालावा म्हणून ओव्हिडमध्ये प्रश्नचिन्ह टाकतात, एब्स्कोत हॅश. अदलाबदल झाली तर तिथे एक अक्षर हवंच असा अर्थ होतो. चुकीची सूचना येत नाही, अमेरिकन स्पेलिंगच्या नोंदी गुपचूप गायब होतात. पबमेडमध्ये सरळ दोन्ही स्पेलिंगं लिहा.

संदर्भकक्ष:
नर्सिंगसाठी सिनाहल हा डेटाबेस एब्स्कोवर आहेच. मग मेडलाइनही तिथेच घेऊन एकत्र शोधलं तर?

सूचीकार:
चार-पाच लेखवाल्यांना छान. रिव्ह्यूसाठी नको. सिनाहलच्या विषयसंज्ञा मेशवर बेतलेल्या असल्या तरी त्याच नाहीत. मेशमधली संज्ञा सिनाहलमध्ये शून्य देऊ शकते आणि एकत्र आकड्यात ते शून्य दिसत नाही. वेगवेगळं शोधा, निकाल संदर्भ-व्यवस्थापकात (संदर्भ साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एकत्र करा. शिवाय एब्स्कोत 'अप्लाय इक्विव्हॅलंट सब्जेक्ट्स'वरची खूण काढा. ती असेल तर न टाकलेल्या संज्ञाही शोधल्या जातात आणि सूत्र अहवालात लिहिल्याबरहुकूम राहत नाही.

खिडकी_क्रमांक_दोन:
करारातलं एक कलम सगळे विसरतात: एकाच वेळी किती जण वापरू शकतात. ती मर्यादा असेल तर सत्र संपवल्यावर लॉगआउट करायला शिकवा, नाहीतर नुसती टॅब बंद केलेली सत्रं टाइमआउट होईपर्यंत जागा अडवतात. ओव्हिड आधीपासून असेल तर काउंटर या वापर-मोजणीच्या मानकाचा 'डीआर_डी२' (नाकारलेल्या प्रवेशांचा) अहवाल मागवा. त्यातल्या 'लिमिट एक्सीडेड'च्या आकड्यावरून जागा वाढवायच्या की कमी करायच्या ते कळतं. विक्रेत्याच्या तक्त्यांपेक्षा मला तोच जास्त पटतो.

फुकट पबमेडवरही ग्रंथालयाचं काम असतं. लेखाच्या पानावर तुमच्या लिंक रिझॉल्व्हरचं (ग्रंथालयाकडच्या प्रतीपर्यंत नेणाऱ्या सोयीचं) बटण दिसावं म्हणून 'आउटसाइड टूल'ची नोंदणी करा आणि त्याचा कोड जोडलेलीच लिंक संकेतस्थळावर द्या. साधी लिंक दिली तर वाचक थेट प्रकाशकाच्या पैसे मागणाऱ्या पानावर पोचतो.

तारांकित:
पबमेडची आणखी एक अडचण: एका शोधातल्या १०,००० नोंदीच उतरवता येतात. पुढच्या हव्या असतील तर प्रकाशनवर्षांनुसार सूत्राचे तुकडे करा, किंवा ई-युटिलिटीजची (प्रोग्रामद्वारे नोंदी मागवायच्या सोयीची) एडिरेक्ट साधनं वापरा. तिथे एपीआय की (वापरकर्त्याची ओळख-किल्ली) नसेल तर सेकंदाला ३ विनंत्या, असेल तर १०.

चाचणीसाठी जुन्या रिव्ह्यूंची दोन-तीन सूत्रं घ्या आणि ती सगळीकडे एकाच दिवशी चालवा, कारण रोज नोंदी वाढतात. आकडे जुळवू नका, पीएमआयडी (पबमेडमधला नोंदीचा क्रमांक) जुळवा. ओव्हिडच्या निकालातले पीएमआयडी पबमेडच्या शोधपेटीत थेट चिकटवता येतात. मग 'नॉट' लावून दोन्हीकडच्या जादा नोंदी काढा. सुरुवातीच्या वीस उघडल्या की कारण एक्स्प्लोडचं, अंतराचं की फाइलचं, ते बहुधा लगेच दिसतं.