कडक भाकरी शिकून घ्या
करोनाच्या टाळेबंदीत चांगलं काय शोधायचं, असा प्रश्न पडायचा. आपल्या सोलापुरात त्याचं एक उत्तर हाताशीच होतं: कडक भाकरी. बाजार कधी उघडेल याचा भरवसा नसताना घरात टिकाऊ अन्न असलं की केवढा धीर यायचा! आजी घरी असेल तर तिच्याकडूनच शिका. मालदांडी ज्वारीचं पीठ ताजंच हवं. जुन्याला चिकटपणा नसतो, थापताना भाकरी कडेनं चिरते. पीठ गरम पाण्यात मळून जमेल तितकी पातळ थापा. नेहमीसारखी भाजली की मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत ओल घालवा. मधे जाड राहिली तर तिथेच बुरशी धरते. पूर्ण गार झाल्याशिवाय डबाबंद करू नका, वाफेनं मऊ पडते. सोबत शेंगाचटणी आणि दही.