‘अ‍ॅक्टिव्ह मॅटर’ला मराठीत काय म्हणाल?

बॅक्टेरियांवर एक लेख लिहितेय आणि ‘अ‍ॅक्टिव्ह मॅटर’पाशी अडकलेय. आधी ‘सक्रिय द्रव्य’ लिहून मोकळी झाले होते, आईने वाचून विचारलं, फिल्टरमधल्या सक्रिय कोळशासारखं काही का? झालं. मला म्हणायचंय ते असं, की यातला प्रत्येक कण स्वतःच्या पोटातलं इंधन जाळून स्वतः सरकतो, बाहेरून कोणी ढकलत नाही. ई. कोलाय हा बॅक्टेरिया घ्या, लांबी जेमतेम २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), शेपट्यांची जुडी गरागरा फिरवत सेकंदाला २०-३० मायक्रॉन जातो, आणि शेपट्या थांबल्या की जागच्या जागी ठप्प, अणूच्या रुंदीइतकाही पुढे घसरत नाही, कारण त्याच्या मापाला पाणी म्हणजे काकवीच.

प्रतिसाद :
‘चैतन्यद्रव्य’ तेवढं करू नका, प्रवचन वाटेल. ‘चळवळ्या पदार्थ’ म्हणणार होतो पण तो मोर्चा काढेल :) ‘हालचाल’ फोडून बघा ना. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतीशास्त्रज्ञाला १८२७ साली परागातले बारीक कण पाण्यात थरथरताना दिसले, आधी वाटलं जिवंत असतील, मग दगडाच्या पुडीतही तेच दिसलं. म्हणजे तिथे नुसती ‘हाल’, पाण्याचे रेणू धक्के देतात म्हणून. तुमच्या बॅक्टेरियाला ‘चाल’ आहे. पान हलतं, मुंगी चालते.

प्रतिसाद :
अहो मग ‘जंगम’ आहे की! स्थावर-जंगममधला. मूळ अर्थ आपलं आपण चालणारं, पुढे कायद्यात त्यात दागिने-फर्निचर घुसलं, जे स्वतःहून इंचभर हलत नाही. फक्त ‘जंगम द्रव्य’ नको, लोक इन्कम टॅक्सचं काहीतरी समजतील. ‘जंगम पदार्थ’ करा.

जंगम आवडला! पण घोळक्याचं काय? भौतिकशास्त्रज्ञ विचेक आणि मंडळींचं १९९५चं मॉडेल आहे, प्रत्येकाने शेजाऱ्यांच्या सरासरी दिशेला तोंड करायचं, थोडी चूक चालते, बास, पुढारी कोणी नाही तरी सगळे एकीकडे निघतात. ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांना थवा म्हणू, बॅक्टेरियांचा थवा कानाला कसंतरीच वाटतं. ‘लोंढा’?

प्रतिसाद :
लोंढा उताराने येतो, म्हणजे परत बाहेरचा ढकलणारा आलाच. ‘झुंड’ घ्या.

घेतला. आईला परत वाचायला दिलं तर म्हणते, जंगम म्हणजे ते घंटा-शंख घेऊन गावोगाव फिरणारे का? म्हटलं हो, शब्द तोच, फिरतात म्हणूनच जंगम.