मदत हवी आहे: डुकराच्या दूध तोडलेल्या पिल्लांना प्रथिनं कशातून द्यावी?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या पाच माद्या आहेत. या खेपेची अकरा पिल्लं ४२व्या दिवशी आईपासून तोडली आणि चौथ्या दिवशी हगवण लागली. शेपटीखाली पिवळं चिकटलेलं, पाठीचे केस उभे. खाद्य मीच कालवतो: मका, कोंडा आणि ३० टक्के सोयाबीन पेंड. एवढी पेंड कोवळ्या आतड्यांना झेपत नाही म्हणतात. ती कमी करून फिशमील (माशांची भुकटी) किंवा दूध पावडर घालू का? किती टक्के, किती दिवस? बाजारातली सुकी मासळी स्वस्त पडते, पण मीठ फार; पाणी कमी पडलं तर मिठानं डुकरं दगावतात, म्हणून हात धजत नाही. लायसिन (प्रथिनांतला एक घटक) वेगळं घालणारं कुणी आहे का? डॉक्टर सोमवारी येतील, तोवर ओआरएस पाजतोय.