मदत हवी आहे: गाड्यांच्या मधून बाईक काढताना कॅबच्या दारावर आदळलो, चूक कोणाची?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचायला असतो, पहिल्यांदाच धागा काढतोय आणि तोही डाव्या हाताला क्रेप बँडेज गुंडाळून, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला कर्वे रोडवर, गरवारे कॉलेज ओलांडून रसशाळेच्या अलीकडे. नळ स्टॉपला सिग्नल लागला की रांग कुठवर येते ते पुणेकरांना सांगायला नको. सगळं जागच्या जागी उभं. डावीकडे बस, उजवीकडे पांढरी कॅब, मध्ये हँडलपेक्षा वीतभर जास्त जागा. माझ्या पुढचे दोघं ॲक्टिवावाले सुर्रकन निघून गेले म्हणून मीही घातली. दुसरा गिअर, स्पीड पंधरा-वीस असेल. कॅबच्या मागच्या चाकाशी पोचतोय तोच तिचं डावीकडचं मागचं दार उघडलं, हॉर्न मारायलाही वेळ नाही, घाबरून फक्त पुढचा ब्रेक आवळला, चाक घसरलं आणि दाराची कड उजव्या ग्रिपवर बसली. पडलो डाव्या हातावर. डोकं आपटलं पण हेल्मेट होतं. डोळे उघडले तर समोर बसचं मागचं चाक, त्याच्या नटांवरचा वाळलेला चिखलसुद्धा दिसत होता. बस उभी होती म्हणून आज टाइप करतोय.

उतरणारा पॅसेंजर कानात इअरफोन घातलेला, सॉरी सॉरी म्हणाला आणि गर्दीत गायब. ड्रायव्हर खाली उतरून पहिलं वाक्य काय बोलला, "गॅपमधून घुसताच कशाला तुम्ही?" दाराचे आठ हजार मागितले. मागून हॉर्न, चार जण जमलेले, एक काका म्हणतायत मिटवून टाका हो. मी तीन हजार यूपीआयने दिले आणि एका पावतीच्या मागे 'चूक माझी होती, माझी काही तक्रार नाही' असं लिहून सहीपण केली. हो, माहितीये.

आता खरी अडचण. माझं लायसन्स लर्निंगचं आहे, टेस्टची तारीख पुढच्या महिन्यात. बाईक मावसभावाची. एल लावलेला नव्हता. चालवायला लागून जेमतेम पाच आठवडे झालेत.

त्या रात्री जवळच्या दवाखान्यात एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले, गोळ्या आणि बँडेज दिलं. आज नववा दिवस, सूज उतरलीये पण बरणीचं झाकण फिरवता येत नाही, क्लच दाबायची तर बातच सोडा. आणि काल कॅबमालकाचा फोन, दार बदलावं लागतंय, अजून साडेअकरा हजार द्या नाहीतर पोलिसात जातो, तुझं लायसन्स कच्चं आहे ते कळलंय आम्हाला.

तर चूक कोणाची? पैसे द्यायचे का? आता तक्रार करता येते का, की सही केली म्हणजे विषय संपला? शिव्या घालायच्या तर घाला पण उत्तरही द्या.

वैतागलेला_कोथरूडकर: शिव्या मी घालतो. एल न लावता, मागे पक्क्या लायसन्सवाला कोणी नाही, गर्दीच्या वेळी कर्वे रोडला बस आणि कॅबच्या मधून? बसच्या डाव्या-उजव्या बाजूला ड्रायव्हरला न दिसणारी जागा असते, तिने एक फूट अंग हलवलं असतं तर धागा भावाने काढला असता. झालं, आता मुद्द्याचं. पैसे देऊ नकोस. पोलिसात जातो म्हणणारा माणूस गेला असता तर फोन कशाला केला असता?

हाडवैद्य_नाही_पण: बाकीचं नंतर, आधी हात. मी ऑर्थोला रेसिडेन्सी केलीये. हाताचा अंगठा ताणून वर कर, अंगठ्याच्या मुळाशी मनगटाकडे दोन शिरांच्या मध्ये एक खळगा पडतो, बायका तपकीर ठेवायच्या ना तिथे. तो दाबल्यावर कळ येते का?

धागाकर्ता: बाप रे. हो, जीव गेला.

हाडवैद्य_नाही_पण: मग आजच ऑर्थोकडे जा, उद्यावर नको. तळहातावर पडल्यावर मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड मोडतं आणि पहिल्या दिवशीच्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे पहिल्या डॉक्टरला दोष देऊ नकोस. म्हणून दहा ते चौदा दिवसांनी परत एक्सरे काढतात किंवा एमआरआय. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून उलटं मनगटाकडे येतं, मध्ये मोडलं की मनगटाकडच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो आणि हाड जुळायला फार वेळ घेतं. कधी जुळतच नाही, मग स्क्रू. क्रेप बँडेजने काही होत नाही, तोवर स्लॅब (अर्धं प्लॅस्टर) हवा. आणि ते हेल्मेट परत घालू नको, एकदा मार खाल्लं की आतला थर्माकोल दबलेला असतो, वरून कळत नाही.

तारीख_पे_तारीख: मोटार अपघाताच्याच केसेस बघतो म्हणून लिहितो. तुझं खापर सगळं एकाच्या डोक्यावर फोडायचं चाललंय, कोर्टात तसं नसतं. ट्रिब्युनल (अपघात भरपाईचं कोर्ट) चुकीची वाटणी करतं, याची इतकी टक्के, त्याची इतकी, आणि तुझ्या वाट्याएवढी रक्कम भरपाईतून कापतं. भर रस्त्यात मधल्या रांगेत मागे न बघता दार उघडणं आणि ड्रायव्हरने पॅसेंजरला तिथे उतरू देणं हा निष्काळजीपणाच. तू चिंचोळ्या जागेतून डावीकडून पुढे काढत होतास हेही तुझ्या खात्यात जाणार. आपल्याकडे सगळे मधून काढतात म्हणून तो हक्क होत नाही.

लायसन्सचं म्हणशील तर तो वेगळा गुन्हा, त्याचा दंड भर. पण परवाना नव्हता एवढ्यावरून अपघात तुझ्यामुळे झाला असं ठरत नाही, सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल आहे तसा, त्यात तर चालवणारा मुलगा अल्पवयीन होता. त्या मालकाने घातलेली भीती निम्मी पोकळ आहे. उरलेली निम्मी नाही, कारण दाराच्या खर्चासाठी तुझ्या भावाच्या थर्ड पार्टी पॉलिसीकडे गेला तर विमा कंपनी लर्निंग लायसन्सवर एकटा का होतास हे विचारणार. भावाला आजच सांगून ठेव. आणि त्याच्या पॉलिसीतलं पंधरा लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर हे मालक स्वतः चालवत असेल तर असतं, ते तुझं नाही.

मुंबईचा_पाऊस: हाड मोडलं असेल तर अडीच लाख मिळतात ना? व्हॉट्सॲपवर वाचलं होतं.

तारीख_पे_तारीख: व्हॉट्सॲप यावेळी अर्धं बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४, १ एप्रिल २०२२ पासून, मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, समोरच्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. फ्रॅक्चर हे कायद्यात गंभीर दुखापतीतच मोडतं. पण एटीएम नाहीये ते, अर्ज, कागद, तारखा सगळं आलं. जास्त हवं असेल तर कलम १६६, तिथे मात्र चूक दाखवावी लागते. १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा.

त्या पावतीवरच्या सहीने तुझा हक्क जात नाही, पण समोरचा वकील ती नाचवणार हे धरून चाल. पोलिसांकडे उशिरा गेलास तरी तक्रार घेतात, उशीर का झाला ते खरं खरं लिही. सगळ्यात आधी सीसीटीव्ही. दुकानवाल्यांच्या डीव्हीआरवर जुनं पुसून नवीन चढतं, कुठे पंधरा दिवस, कुठे आठच. आज जा.

सिडनीची_सुमा: इकडचं सांगते, तुलना म्हणून. न्यू साउथ वेल्समध्ये २०१४ पासून उभ्या ट्रॅफिकमधून बाईक काढणं कायदेशीर आहे, पण ताशी ३० किमीच्या आत आणि फक्त पूर्ण लायसन्सवाल्यांना. लर्नरला आणि प्रोव्हिजनलवाल्याला (लर्निंगनंतरचं, पूर्ण होण्याआधीचं लायसन्स) बंदी. माझा मुलगा लर्नरवर होता तेव्हा गाड्यांच्या मागे तापत बसायचा आणि मला फोन करून कुरकुरायचा. नंतर कळलं की दार उघडणं, लेन बदलणं हे समोरच्याच्या मान हलवण्यावरून ओळखायला वर्ष-दीड वर्ष जातं. धागाकर्त्या बाळा, उभ्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर कोणी बॅग आवरताना दिसलं की समजायचं.

धागाकर्ता: सुमाताई, दिसली होती हो बॅग. आता आठवतंय, काचेतून खांद्यावर पट्टा चढवताना दिसला होता तो. माझं लक्ष पुढच्या ॲक्टिवावर.

वैतागलेला_कोथरूडकर: हे वाक्य पोलिसांना सांगू नकोस.

तारीख_पे_तारीख: विचारलं तर खरंच सांग. त्याने तुझा वाटा थोडा वाढेल, खोटं पकडलं गेलं तर सगळंच जाईल.

धागाकर्ता (तीन दिवसांनी): अपडेट देतो. एमआरआय झाला, स्कॅफॉइडच आहे, मधोमध बारीक चीर, जागेवरून हललेलं नाही म्हणून ऑपरेशन नाही पण प्लॅस्टर, निदान सहा आठवडे. डॉक्टर (हाडवैद्य), तुमच्या पाया पडतो, एका हाताने. झेरॉक्सच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दार उघडताना स्पष्ट दिसतंय, मी पण जरा जोरातच येताना दिसतोय, वीसपेक्षा जास्तच असेल. पेनड्राइव्हवर घेतलं. चौकीत तक्रार दिली, हवालदारसाहेबांनी आधी माझ्याच लर्निंग लायसन्सवर दहा मिनिटं भाषण दिलं आणि मग लिहून घेतलं. कॅबमालकाला सांगितलं की आता जे काय ते पोलीस आणि विम्यामार्फत, तेव्हापासून फोन नाही.

भाऊ चिडलाय, बाईकची चावी परत घेतली. आईला बाथरूममध्ये घसरलो असं सांगितलंय, रविवारी ती नगरहून येतेय, बघू.

एकच राहिलं. पहिल्या रात्री त्या दवाखान्यात बाईकवरून पडलो एवढंच सांगितलं होतं, त्यांनी पोलिसांना कळवलं नव्हतं, म्हणजे एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांना कळवून केलेली नोंद) झालेलीच नाही. केसपेपरवर तारीख आणि वेळ आहे. तेवढं चालतं का, की आत्ताच्या हॉस्पिटलला सांगून करून घेऊ?

तारीख_पे_तारीख: केसपेपर, पहिला एक्सरे आणि बिल तिन्ही जपून ठेव, झेरॉक्स नाही, ओरिजिनल. आत्ताच्या हॉस्पिटलला अपघाताची तारीख-ठिकाण सांगून नोंद करायला लाव आणि त्याची कॉपी चौकीत दे. एक्सरेची फिल्म घडी घालू नकोस.