अनुभव शून्य आहे, लष्कराच्या डेपोत फायरमन व्हायचंय. डिप्लोमा लागतोच का?

दापोडी_२२
बी.कॉम. झालंय, वय २२, ओबीसी. आगीशी आजवरचा संबंध गॅस पेटवण्यापुरता. लष्कराच्या अग्निशमन दलात जायचंय. एक क्लासवाला म्हणतो, आधी वर्षभराचा 'फायर अँड सेफ्टी' डिप्लोमा केल्याशिवाय फॉर्मच भरता येत नाही, फी ४५ हजार. खरंय का? अग्निवीरमधून जमतं का? आणि माणूस खांद्यावर घेऊन पळायला लावतात म्हणे. माझं स्वतःचं वजन ५८ किलो आहे.

जुना_हायड्रंट
४५ हजार खिशातच ठेव.

आधी एक घोळ निस्तरू. डेपोतला फायरमन हा सैनिक नसतो, तो संरक्षण खात्याचा नागरी कर्मचारी असतो, गट क. त्यामुळे अग्निवीरचा रस्ता इथे येत नाही. सेनेच्या अग्निवीर भरतीत जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क/स्टोअरकीपर आणि ट्रेड्समन हे प्रवर्ग आहेत, फायरमन नाही.

तुझा खरा दरवाजा म्हणजे आर्मी ऑर्डनन्स कोअर, म्हणजे लष्कराला शस्त्रं, दारूगोळा आणि सामान पुरवणारा विभाग. त्यांचं केंद्र सिकंदराबादला आहे आणि देशभरातल्या डेपोंची भरती तिथूनच निघते. फायरमनला शिक्षण दहावी पास, वय १८ ते २५, ओबीसींना ३ वर्षं सवलत. डिप्लोमा नको, अनुभव नको. पगार लेव्हल २, म्हणजे मूळ १९,९००, वर महागाई भत्ता. पुणे 'एक्स' दर्जाच्या शहरांत मोडतं, म्हणून घरभाडं इथे सगळ्यात वरच्या दराने मिळतं. पण पोस्टिंग पुण्यातच मिळेल हे गृहीत धरू नकोस, बदली देशात कुठेही होऊ शकते.

नौदलाच्या नागरी भरतीत मात्र फायरमनला अग्निशमनाचा प्राथमिक कोर्स मागतात. त्यासाठीसुद्धा जाहिरातीतलं वाक्य शब्दन् शब्द वाचून मगच कुठला कोर्स चालतो ते ठरव. क्लासवाल्याचं माहितीपत्रक ही जाहिरात नव्हे. खडकी-देहूरोडच्या आयुध निर्माण्यांचं म्हणशील, तर १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या. तिथली भरती वेगळी, सेवाशर्ती वेगळ्या. नावं सारखी दिसतात म्हणून एकाच गठ्ठ्यात टाकू नकोस.

तालीम_आणि_दोर
शारीरिक चाचणीबद्दल लिहितो, कारण पोरं तिथेच गळतात. चाचणी आधी, लेखी नंतर.

उंची १६५ सेंमी, छाती ८१.५, फुगवून ८५, वजन किमान ५०. वजनात तू बसतोस. पुढे १.६ किमी ६ मिनिटांत, ६३.५ किलोचा माणूस उचलून १८३ मीटर ९६ सेकंदांत, २.७ मीटरचा खड्डा उडी मारून पार (दोन्ही पायांवर उतरायचं), आणि ३ मीटर उभा दोर हातापायांनी चढणं. आकडे विचित्र वाटतात, पण जुन्या मापांत मोड: एक मैल, दहा स्टोन, दोनशे यार्ड, नऊ फूट, दहा फूट. इंग्रजांचा फीतपट्टा अजून चालूच आहे.

१.६ किमी म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर ४ फेऱ्या, प्रत्येकी ९० सेकंद. पहिली फेरी ७५ सेकंदांत काढणारे तिसरीला बसतात. पर्वती चढून दम वाढतो, वेग वाढत नाही. वेगासाठी सपाटीवर ४०० मीटरचे ५-६ तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा.

माणूस उचलणं हा ताकदीपेक्षा मांडणीचा खेळ. ९६ सेकंदांत १८३ मीटर म्हणजे ताशी सातेक किमी, नुसतं भराभर चालणं. धावायला गेलास तर वरचा माणूस हिंदकळतो आणि तोल जातो. त्याचं पोट तुझ्या खांद्यावर आडवं हवं. त्याचा एक पाय आणि त्याच बाजूचा हात तुझ्या छातीसमोर एका हाताने धरायचा, दुसरा हात मोकळा. बैठकीतून मांड्यांच्या जोरावर उठायचं. कंबरेतून वाकून उचललंस तर दुसऱ्या दिवशी अंथरुणावर. वाळूच्या २५ किलोच्या पिशवीपासून सुरुवात कर, मग सिमेंटची गोणी (ती बरोबर ५० किलो), मग जिवंत माणूस. गोणी स्थिर असते, माणूस लोंबतो, म्हणून शेवटचे तीन आठवडे माणसावरच सराव हवा. कुठल्याही तालमीत जोडीदार मिळेल.

दोराला हात कमी, पाय जास्त. पायांत दोराची अढी घालून उभं राहता आलं की ३ मीटर काहीच नाही. ते येत नसेल तर दोरीचा मल्लखांब जिथे शिकवतात तिथे महिनाभर जा. पुण्यात असं शिकवणाऱ्यांची वानवा नाही.

दापोडी_२२
मस्त. लेखी कशी असते? जातीचा दाखला आहे. आणि दारूगोळ्याच्या डेपोत आग लागली तर नवख्या माणसाला काय करायला सांगतात? घरचे घाबरलेत.

सेतू_केंद्र
दाखल्यावरच अडकशील, म्हणून आधी तेच. महाराष्ट्राच्या नोकऱ्यांसाठी काढलेलं नॉन-क्रीमीलेअर इथे चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि तुझी जात केंद्राच्या ओबीसी यादीत असायला हवी. काही जाती राज्याच्या यादीत आहेत, केंद्राच्या नाहीत. एसईबीसीचा (राज्याच्या मराठा आरक्षणाचा) दाखला केंद्रात उपयोगाचा नाही, अशांनी उत्पन्नात बसत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) बघावं. प्रमाणपत्राची तारीख जाहिरातीत दिलेल्या मुदतीत हवी. जाहिरात निघाल्यावर तहसीलला धावशील तर तीन आठवड्यांचा फॉर्म हुकला समज.

लेखी दोन तास, १५० गुण: रिझनिंग ५०, सामान्य ज्ञान ५०, गणित २५, इंग्रजी २५. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. मैदान फक्त पास व्हायचं असतं, गुणवत्ता यादी लेखीवर लागते. म्हणून सगळा वेळ दोर चढण्यातच घालवू नकोस.

नळी_आणि_नोझल
घरच्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर: धोका आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमनचे जवान गेले. म्हणून तिथे पहिला धडा आग विझवायचा नसतो, ती कुठली आग आहे हे ओळखण्याचा असतो.

स्फोटक मालाचे धोक्यानुसार गट असतात. १.१ म्हणजे सगळा साठा एकदम उडणारा, १.२ तुकडे फेकणारा, १.३ भडकून जळणारा, १.४ किरकोळ. पुष्कळ देशांच्या सैन्यांत कोठाराच्या दारावरच्या पाटीचा आकारच ते सांगतो: अष्टकोन, फुली, उलटा त्रिकोण आणि शंकरपाळ्यासारखा चौकोन. लांबून, धुरातूनही कळतो. १.१ च्या मालापर्यंत ज्वाळा पोहोचल्या की विझवायचं नाही, मागे यायचं आणि शेजारची कोठारं वाचवायची. 'मागे फिरा' ऐकूनही पुढे जाणारा शूर नसतो, नवखा असतो.

रोजचं काम मात्र गवताचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये देहूरोडच्या बाजूचे माळ सुकले की कोठारांभोवतीचे जाळरेषांचे पट्टे (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेली जागा) साफ ठेवणं, पंप रोज चालू करून बघणं, नळ्या सुकवणं. ६३ मिमीची नळी ओलीच गुंडाळून ठेवली की कुजते आणि नेमकी कामाच्या वेळी फुटते.

श्वसनसंच, म्हणजे धुरात जाताना पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा, नवख्याला फसवतो. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की १,८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ४५ मिनिटं. पण जिना चढताना, घाबरलेला असताना माणूस ६० लिटर सहज ओढतो, म्हणजे तीसच. त्यातलीही शेवटची हवा बाहेर पडण्यासाठी राखायची. हवा संपत आल्याची संचाची शिटी वाजली की काम कितीही अर्धवट असो, जोडीदारासकट बाहेर. आत जाताना गेज बघून आकडा दारावरच्या माणसाला मोठ्याने सांगायचा, तो वेळ लिहून ठेवतो.