स्वस्त हॅचबॅक ट्रॅकवर नेताय? पहिलं वर्ष इंजिनाला हात लावू नका

टाचबोट:
स्वतःची साधी हॅचबॅक ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवसाला) न्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणं, कुठला करू? माझं उत्तर: कुठलाच नको. ब्रेक ऑइल, पॅड, टायर एवढं करा आणि वर्षभर बॉनेट फक्त इंजिन ऑइल आणि कूलंट बघायला उघडा.

हे शहाणपण मला ट्रॅकच्या वळणाबाहेरच्या खडीत सापडलं. पहिल्या ट्रॅक डेला मी रीमॅप करून गेलो होतो, ब्रेक मात्र कंपनीतून आले तसेच. चौथ्या लॅपला लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल दाबलं आणि पाय थेट मॅटला टेकला. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे काहीतरी लागल्यासारखं झालं. तोवर वळण मागे राहिलं होतं आणि गाडी खडीत रुतली होती. ओरखडाही नाही, नशीब. नंतर ब्रेकची हवा काढली तर नळीतून गंजाच्या पाण्यासारखं ऑइल आलं, मध्ये मध्ये बुडबुडे.

आता हिशोब बघा. हजार किलोची गाडी 160 वरून 80 वर आणायची तर ब्रेकना साधारण 740 किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. रस्त्यावर 60 वरून थांबताना लागते ती 140 च्या आसपास. म्हणजे पाचपटीहून जास्त, तीही एकाच वळणाला, दर लॅपला. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत तग धरतं, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 अंश आहे. एकदा उकळलं की पाइपात वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकतं ते यामुळे.

बूस्टबहाद्दर:
असहमत. ब्रेक करा, कोण नको म्हणतंय? पण खडीत तुम्हाला रीमॅपने नाही, आळसाने नेलं. जुनं ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलात आणि शिक्षा इंजिनाला!

दुसरं, कमी ताकदीच्या गाडीत माणूस शिकतो हे सगळे म्हणतात, पण अर्धा वेळ तो आरशात बघत असतो. प्रत्येक सरळ पट्ट्यावर कोणीतरी मागे येतं, तुम्ही बाजूला होता, तुमची लाइन मोडते. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये स्वच्छ लॅप किती मिळतात ते मोजा. शिवाय वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल किती आणि कधी द्यायचा हे शिकायला आधी थ्रॉटलमध्ये काहीतरी असावं लागतं.

आणि हॅचबॅकला पळवणारी गाडी म्हणून नाव मिळालं ते कशामुळे? 1976 चा पहिला गोल्फ जीटीआय, 110 हॉर्सपॉवर. साध्या घरगुती गाडीत जास्त ताकदीचं इंजिन. बस.

टाचबोट:
बस नाही. त्याच गोल्फला पुढच्या चाकांना व्हेंटिलेटेड (हवा खेळती राहणारे) डिस्क ब्रेक आणि कडक सस्पेन्शनही दिलं होतं. इंजिनाचं नाव झालं, बाकीचे पडद्यामागे राहिले.

उलट उदाहरण घ्या. 2019 ची रेनो मेगान ट्रॉफी-आर. इंजिन साध्या मेगान ट्रॉफीचंच, तेच 300 हॉर्सपॉवर. वजन सुमारे 130 किलोंनी घटवलं, सस्पेन्शन बदललं आणि जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंग ट्रॅकवर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा विक्रम केला. इंजिनात एक घोडा वाढवला नाही.

बूस्टबहाद्दर:
कार्बनची चाकं आणि सिरॅमिक ब्रेकसुद्धा होते की त्यात! धाग्याचं शीर्षक तुम्हीच दिलंय, "स्वस्त".

दहाचा_पाना:
दोघांचं चालू द्या. मी गाड्या उघडतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

बूस्टभाऊ, लहान टर्बो गाडीचा रीमॅप रस्त्यावर झकास वाटतो कारण तिथे दहा सेकंद जोर लावला की पुढे कोणीतरी आडवं येतं. ट्रॅकवर उसंत नाही. इवलासा इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) दोन-तीन लॅपमध्ये तापतो, इंजिनात जाणारी हवा गरम होते, मग नॉक (इंधन अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे ओढतो आणि बूस्टही (टर्बोचा दाब) आवरतो. पहिल्या लॅपला दिलेलं पाचव्याला परत घेतो. खरंच ताकद हवी असेल तर आधी इंटरकूलर आणि ऑइल कूलर, मग रीमॅप. बिनटर्बो इंजिन असेल तर विषयच सोडा, नुसत्या रीमॅपने हाताला जाणवेल इतकं क्वचितच मिळतं.

पण माझा खरा राग गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगवर आहे. त्यावर कोणी भांडत नाही, म्हणून मीच भांडतो. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये (बहुतेक हॅचबॅकना पुढे हेच असतं) लोअर आर्म मूळ उंचीला चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी बेताबाहेर खाली आणली की तो आडवा होतो, मग चाकाकडे वर चढतो. अशा वेळी गुरुत्वमध्य जितका उतरतो त्याहून जास्त रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) उतरतं. दोघांतलं अंतर वाढलं की वळणात गाडी कलायची ओढ वाढते, कमी होत नाही! त्यात सस्पेन्शनला खालीवर व्हायला जागा उरत नाही म्हणून शॉकअप बंपस्टॉपला (शेवटच्या अडथळ्याला) टेकतो आणि भर वळणात पुढची पकड एकदम सुटते. चालक म्हणतो, टायर खराब आहेत.

त्यापेक्षा उंची राहू द्या, पुढच्या चाकांचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) वाढवा. किती? टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून खाली टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत खडूने रेघ ओढा आणि चार लॅप मारून या. खडू भिंतीवर खोलवर पुसला गेला असेल तर टायर कडेवर चालतोय: कॅम्बर कमी आहे नाहीतर हवा कमी आहे. हवा आधी तपासा, तीही गरम टायरमध्ये. दर पाच-सहा अंशांमागे साधारण 1 पीएसआय वाढतो, त्यामुळे सकाळी थंड टायरात मोजलेला आकडा दुपारी काही कामाचा नाही.

चौथागिअर:
धागाकर्त्यांचं एक विधान मला खुपतंय. "टायर बदला, इंजिनाला हात लावू नका" असं म्हणताय जणू दोन्ही वेगळ्या गाडीत आहेत. चिकट सेमी-स्लिक (जवळपास रेसचे, कमी खाचांचे टायर) घातले की गाडी वळण जास्त जोराने घेते. जास्त जोर म्हणजे संपमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतलं) ऑइल एका बाजूला चढतं आणि ते ओढणारा पिकअप उघडा पडतो. लांब वळणात दोन सेकंद ऑइलऐवजी हवा ओढली तरी बेअरिंगचा निकाल लागू शकतो. ऑइलचा दिवा अनेकदा उशिरा लागतो. तुमचा सल्ला शब्दशः पाळणारा माणूस इंजिनाला हात न लावता इंजिन घालवू शकतो.

टाचबोट:
हे मान्य. माझ्या डोक्यात चांगले रस्त्याचे टायर होते, पण मी तसं लिहिलं नाही. दुरुस्ती करतो: पहिलं वर्ष रोडचेच टायर, आणि सेशनआधी ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत. सेमी-स्लिक घ्यायचे तर संपमध्ये बॅफल (ऑइल एका बाजूला जाऊ न देणारे पडदे) आधी. रोडच्या टायरचा आणखी एक फायदा, पकड सुटण्याआधी ओरडून सांगतात. सेमी-स्लिक बऱ्याचदा गुपचूप सुटतात, नवख्याला कळेपर्यंत गाडी आडवी.

बूस्टबहाद्दर:
म्हणजे शेवटी बॉनेटखाली काम निघालंच!

मागचीसीट:
तुमच्या यादीत नसलेलं एक. माझ्या ओळखीत एकाने वजन कमी करायला मागची सीट आणि दारांचे पत्रे-कापड सगळं काढलं, चार पॉइंटचा हार्नेस (रेसचा घट्ट पट्टा) बांधला. केज (छत दबू न देणारा लोखंडी नळ्यांचा सांगाडा) नाही, हेल्मेटच्या मागे मानेला आधार नाही. आणि त्याच गाडीने ऑफिस.

तीन पॉइंटच्या बेल्टमध्ये गाडी उलटली तर शरीर बाजूला सरकायला थोडी मोकळीक असते. हार्नेस तुम्हाला ताठ बसवून ठेवतो आणि वरून छत खाली येतं. हार्नेस हवा तर निदान रोल बार (सीटमागची लोखंडी कमान) हवा, मानेचा आधार हवा, खांद्याच्या पट्ट्यांना योग्य कोन देणारी सीट हवी. अर्धं काम करण्यापेक्षा कंपनीचा बेल्ट बरा. उलट केज बसवून बिनहेल्मेट रस्त्यावर हिंडणं हाही वेडेपणा, डोक्यापासून वीतभर अंतरावर लोखंडी नळी. एकच गाडी दोन्हीकडे वापरायची असेल तर टाचबोट म्हणतात तितकंच करा, आणि मागची सीट राहू द्या.

चौथागिअर:
+१. मागचा जाडा अँटीरोल बार (गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) कुणी सुचवला नाही याचं नवल वाटलं. अंडरस्टीअरवर (स्टीअरिंग वळवूनही नाक पुरेसं न वळणं) स्वस्त आणि मस्त उपाय आहे.

दहाचा_पाना:
मुद्दाम नाही सुचवला. कोरड्यात आतलं मागचं चाक उचलतं, नाक छान वळतं, सगळे खूष. पावसात तीच गाडी थ्रॉटल सोडल्याबरोबर गर्रकन फिरते. घ्यायचा तर ॲडजस्टेबल घ्या, आणि ढग दिसले की मऊ करा.

आणि सेशन संपवून पिटमध्ये आलात की हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर उमटतो आणि नंतर पेडल थरथरतं. आधी एक लॅप ब्रेक न वापरता हळू मारा, मग गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा.

बूस्टबहाद्दर:
ठोकळा घेतो. ब्रेक ऑइलही बदलतो, डॉट 5.1 घालून. रीमॅप मात्र काढणार नाही.

टाचबोट:
5.1 चालेल. नुसतं 5 उचलू नका, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या ब्रेकमध्ये मिसळत नाही.